सोडियम इलेक्ट्रॉन ‘देतो’ की त्याच्याकडून तो काढून घेतला जातो?

ताई, तुमच्या नववीतल्या मुलीचे तीन प्रश्न तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. पहिला प्रश्न असा, की सोडियममधून इलेक्ट्रॉन गेला म्हणजे एक कमी झाला, तर आयनावर, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा मिळवलेल्या अणूवर, ‘उणे एक’ लिहायचं सोडून ‘अधिक एक’ का लिहितात? दुसरा, इलेक्ट्रॉन सोडला की सोडियम स्थिर होतो असं पुस्तक म्हणतं, तर तो आपण होऊन इलेक्ट्रॉन टाकून का देत नाही, क्लोरीनची वाट कशाला बघतो? आणि तिसरा, दर वेळी इलेक्ट्रॉनच का जातो-येतो, प्रोटॉन का नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. पहिला प्रश्न दरवर्षी येतो, तिसरा अधूनमधून येतो. दुसरा विचारणारी मुलं इतक्या वर्षांत मोजून चार-पाच भेटली. तिने तो नववीत विचारलाय, तेव्हा त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवं. पहिला आणि तिसरा आधी आटोपतो आणि त्याच्याकडे वळतो.

सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन असतात आणि बाहेर ११ इलेक्ट्रॉन. अकरा अधिक, अकरा उणे, हिशोब शून्य. एक इलेक्ट्रॉन गेला की ११ अधिक आणि १० उणे उरतात, शिल्लक अधिक एक. चिन्हाजवळ लिहितो ती ही शिल्लक. किती इलेक्ट्रॉन गेले-आले याची ती नोंद नव्हे. आपल्या भाषेत हे समजावणं खरं तर सोपं आहे, कारण ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉन हा ऋणप्रभारी, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन हे एकेक रुपयाचं कर्ज समजा. एका रुपयाचं कर्ज फिटलं तर माणूस एक रुपयाने वर येतो. सोडियमचं तेच होतं, म्हणून तो धन आयन. क्लोरीनकडे १७ प्रोटॉन आणि १७ इलेक्ट्रॉन. त्याने आणखी एक कर्ज अंगावर घेतलं की तो उणे एक, ऋण आयन. तिला एवढंच सांगा, की दर वेळी आधी प्रोटॉन लिही, खाली इलेक्ट्रॉन लिही आणि वजाबाकी कर. आठवडाभर असं केलं की चूक परत होत नाही.

(इलेक्ट्रॉनलाच ऋण का म्हटलं, असं तिने पुढे विचारलं तर सांगा, की तो इतिहासातला योगायोग आहे. विजेच्या दोन जातींना अधिक आणि उणे अशी नावं बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिली. जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तोवर खुणा रूढ झाल्या होत्या आणि इलेक्ट्रॉनच्या वाट्याला उणे आलं.)

आता प्रोटॉन. सोडियमचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एकेका अणूच्या हिशोबाचं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते. त्याच सोडियमच्या केंद्रकातून एक प्रोटॉन उपटायचा तर दहा लाख पटींहूनही जास्त ऊर्जा लागते. चुलीच्या आगीत, आम्लाच्या बाटलीत किंवा बॅटरीत एवढी ऊर्जा कुठून येणार? आणि समजा प्रोटॉन काढलाच, तर उरतो तो सोडियम नसतोच, तो निऑन होतो. प्रोटॉनची संख्या हीच मूलद्रव्याची ओळख आहे. रसायनशास्त्रात ती ओळख कधी बदलत नाही, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव तेवढी चालते.

आता दुसरा प्रश्न. इथे मला आधी कबूल करायला हवं, की पहिली काही वर्षं मी स्वतः वर्गात ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला हवा असतो, दोघांचं अष्टक पूर्ण होतं आणि दोघे सुखी होतात’ असंच शिकवायचो (अष्टक म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कवचात, इलेक्ट्रॉनांच्या थरात, आठ इलेक्ट्रॉन). मुलांना ते आवडतं, परीक्षेत लिहिता येतं. पण हे वाक्य खरं नाही. अणूला काही हवं-नको नसतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, एकट्या सोडियमच्या अणूला इलेक्ट्रॉन सोडणं परवडतच नाही.

आकडे बघा. सोडियमचे एक मोल सुटे अणू घेतले (मोल ही अणू मोजायची एक ठरावीक, प्रचंड संख्या; सोडियमचे तेवढे अणू २३ ग्रॅम भरतात) आणि प्रत्येकाचा एकेक इलेक्ट्रॉन काढला, तर ४९६ किलोज्यूल ऊर्जा आपल्याला पदरची घालावी लागते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. याला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. कुठल्याही मूलद्रव्याची पहिली आयनीभवन ऊर्जा काढून बघा, ती खर्चाच्याच बाजूला असते. कारण उघड आहे: केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, आणि केंद्रक त्याला धरून ठेवतो. आपण होऊन निघून जाणारा इलेक्ट्रॉन कुठल्याच तटस्थ अणूत नसतो.

स्वयंपाकघरातही हे दिसतं. मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू जाऊन गॅसवर पडतं तेव्हा निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. मिठातल्या सोडियमला ज्योतीत इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि तो तटस्थ अणू होतो. मग ज्योतीच्या उष्णतेने त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि लगेच खाली परततो. परतताना जो प्रकाश फेकतो तो पिवळा, ५८९ नॅनोमीटरचा. ही उडी २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टची, सुटका ५.१ ची. म्हणजे एवढ्या धगधगत्या ज्योतीतसुद्धा बहुतेक इलेक्ट्रॉन उडी मारून घरीच परततात. निव्वळ उष्णतेने अणूंचे भराभर आयन करायचे तर ताऱ्यांकडे जावं लागतं. तिथे किती तापमानाला आणि किती दाबाखाली किती अणूंचे आयन होतील, याचं समीकरण १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी मांडलं.

बरं, सोडियमचा इलेक्ट्रॉन निदान इतरांच्या मानाने सहज का निघतो? अकरा प्रोटॉन आहेत, पण बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या आणि केंद्रकाच्या मध्ये दहा इलेक्ट्रॉन उभे आहेत. त्यांच्या आडोशामुळे बाहेरच्याला अकराची ओढ जाणवत नाही, ढोबळमानाने दोन-अडीचचीच जाणवते. क्लोरीनमध्ये आतला आडोसा तेवढाच, दहाचा, पण केंद्रक १७ चं. बाहेरच्या कवचातले सात इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसा आडोसा देत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला सुमारे सहाची ओढ लागते. बाहेरून आलेल्या आठव्यालाही ती ओढ पकडते. म्हणून क्लोरीनच्या अणूने इलेक्ट्रॉन घेतला तर ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात. क्लोरीनच्या बाजूला फायदा आहे, हे खरं.

पण जमाखर्च मांडा. सोडियमकडून काढायला ४९६ लागले, क्लोरीनकडून ३४९ मिळाले. १४७ चा तोटा! म्हणजे सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू एकमेकांपासून लांब ठेवले, तर इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाणार नाही. तुमच्या मुलीला जे खटकलं ते हेच. अष्टकाची हौस असती तर तो गेला असता.

हा तोटा भरून निघतो तो जवळ आल्यावर. धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढतात, आणि अंतर जितकं कमी तितकी ओढीतून सुटणारी ऊर्जा जास्त. दोन अणू साधारण एक नॅनोमीटरच्या आत आले, की ही ऊर्जा १४७ च्या वर जाते आणि मगच इलेक्ट्रॉनची बदली परवडते. त्यात एकच जोडी नसते. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी मांडणी सगळ्या दिशांना जाते. भिंगाखाली मिठाचा खडा धरला तर चौकोनी कडा दिसतात, त्या या मांडणीच्याच. सुटे आयन असे रचले गेले की मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात.

पूर्ण हिशोब असा बसतो. सोडियम धातूचे सुटे अणू करायला १०७. क्लोरीनचे रेणू फोडून अणू करायला १२१. इलेक्ट्रॉन काढायला ४९६. एकूण खर्च ७२४. त्यातून क्लोरीनकडून आलेले ३४९ वजा केले की निव्वळ खर्च ३७५. आणि स्फटिक रचताना जमा ७८७. हातात उरतात सुमारे ४१० किलोज्यूल, आणि सोडियम क्लोरीनमध्ये जळतो तेव्हा उष्णता-प्रकाशाच्या रूपाने आपल्याला दिसतात ते हेच. या जमाखर्चाला बॉर्न-हेबर चक्र म्हणतात. तो १९१९ मधला आहे. अकरावी-बारावीत मुलं तो पाठ करतात, पण त्यातला ७८७ चा आकडा झाकला तर काय होईल, हे कोणी विचारत नाही. ७८७ नसेल तर मीठच नाही.

म्हणून मी आता वर्गात ‘सोडियम इलेक्ट्रॉन देतो’ असं बोलताना थांबतो आणि सांगतो, की तो काढून घ्यावा लागतो, आणि काढण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी चुकती करावी लागते. स्फटिक चुकती करतो, किंवा पाणी.

अष्टकाचं काय, ते खोटं का? खोटं नाही. कोसेल आणि लुईस यांनी १९१६ मध्ये ते मांडलं आणि मूलद्रव्यांच्या ठरावीक कुटुंबांपुरतं ते उत्तम चालतं. ते कारण नाही, खूण आहे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ ला निघाला. दुसरा काढायला गेलं तर ४५६२! नऊपटीहून जास्त, कारण आता आतल्या कवचाला हात घालावा लागतो आणि तिथे आडोसा फक्त दोघांचा. एवढी किंमत कुठलाच स्फटिक देऊ शकत नाही, म्हणून सोडियम अधिक एकवर थांबतो. मॅग्नेशियमचे आकडे बघा: ७३८, मग १४५१, मग एकदम ७७३३. पहिले दोन मिळून २१८९, ते ऑक्साइडचा स्फटिक आरामात भरून देतो. तिसरा परवडत नाही. म्हणून मॅग्नेशियम अधिक दोन. कवच संपलं की किंमत उसळते, आणि ती उसळी जिथे येते तिथे आपण ‘अष्टक पूर्ण झालं’ असं म्हणतो.

उलट बाजूनेही बघता येतं. ऑक्सिजनचा ‘उणे दोन’ आयन मुलं डोळे झाकून लिहितात. पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऑक्सिजन १४१ किलोज्यूल देतो. पण आता तो ऋण झालाय, आणि दुसरा इलेक्ट्रॉनही ऋण. त्याला आत ढकलायला सातशेहून जास्त किलोज्यूल खर्च करावे लागतात. एकटा ऑक्सिजन उणे दोन कधीच राहत नाही, अष्टक पूर्ण असूनही. चुन्यात, मॅग्नेशियाच्या (मॅग्नेशियम ऑक्साइडच्या) भुकटीत तो टिकतो तो शेजाऱ्यांच्या आधारावर.

आणि आता आमच्या भागातलं उदाहरण, ज्याने माझं स्वतःचं शिकवणं बदललं. आमची निम्मी मुलं द्राक्षबागायतदारांच्या घरची. एकदा निफाडकडच्या एका मुलाने विचारलं, ‘सर, बोर्डो लोखंडी पिंपात का करत नाहीत?’ बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. वेलींवरच्या बुरशीसाठी फवारतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात विरघळलं की तांब्याचे अधिक दोनचे आयन सुटे होतात. भांडं लोखंडी असेल तर लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात आणि पाण्यात उतरतात, तेच इलेक्ट्रॉन तांब्याचे आयन घेतात आणि तांबं होऊन भांड्याला चिकटतात. औषध वाया आणि पिंपही. मिश्रण तयार झालं की शेतकरी त्यात घासून स्वच्छ केलेला विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस लेप आला तर अजून सुटे तांब्याचे आयन शिल्लक आहेत, म्हणजे चुना कमी पडला. असंच फवारलं तर कोवळी पानं करपतील. आणखी चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा विळा बुडवायचा. अणूचा आयन आणि आयनाचा अणू, दोन्ही एकाच पात्यावर. एवढी चोख आयन-चाचणी त्या मुलाचे वडील आयन हा शब्द न उच्चारता करत होते.

त्या दिवशी मी फळ्यावर तांब्याच्या आयनाची इलेक्ट्रॉन मांडणी लिहिली, आतल्या कवचापासून बाहेरच्या कवचापर्यंत. तांबं २९. अणू २, ८, १८, १. अधिक दोनचा आयन २, ८, १७. लोखंड २६. अणू २, ८, १४, २. अधिक दोनचा आयन २, ८, १४. मुलं बघत राहिली. अष्टक कुठेच नाही! तरी तांब्याचा हा आयन पाण्यात वर्षानुवर्षं निवांत राहतो. का? कारण किंमत पाणी भरतं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते; त्या बाजूने पाण्याचे रेणू धन आयनाला घेरतात आणि त्यातून भरपूर ऊर्जा सुटते. हे घेरणं डोळ्यांनी बघायचं असेल तर मोरचुदाचा निळा खडा परीक्षानळीत तापवावा. पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. थंड झाल्यावर पाण्याचा एक थेंब टाका, निळा रंग परत येतो आणि नळी हाताला कोमट लागते. तो निळा रंग तांब्याचा एकट्याचा नव्हे, पाण्याने वेढलेल्या तांब्याच्या आयनाचा.

आपल्या उरण-पेणच्या मिठागरांतही तेच. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ‘मीठ’ नावाचा कण त्यात नसतो. पाण्याने वेढलेले सोडियम आयन आणि पाण्याने वेढलेले क्लोराइड आयन वेगवेगळे फिरत असतात. उन्हाने पाणी उडालं की आधार जातो आणि ते एकमेकांचा आधार घेतात. मीठ पाण्यात विरघळताना भांडं ना फारसं तापतं ना गार पडतं, कारण स्फटिक मोडण्याची किंमत आणि पाण्याने घेरण्याची कमाई जवळजवळ सारखी आहे.

पाण्यात असे सुटे प्रभारी कण फिरत असतात हे जगाला पटायलाही वेळ लागला. आयन हा शब्द मायकल फॅरडेने १८३४ मध्ये वापरात आणला. मूळ ग्रीक, अर्थ ‘जाणारा’. वीज सोडली की जे विजाग्रांकडे, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या विजेच्या टोकांकडे, निघतात ते. वीज न सोडताही ते पाण्यात आधीपासून सुटेच असतात, हे स्वांते ॲरेनियसने १८८४ च्या प्रबंधात मांडलं, तेव्हा उप्सालाच्या परीक्षकांनी त्याला फार कमी श्रेणी दिली. सोडियम पाण्यात पेटतो आणि क्लोरीन विषारी वायू, मग मिठाच्या पाण्यात ते सुटे कसे असतील, असा त्या काळी आक्षेप होता. आक्षेपाचं उत्तर तुमच्या मुलीला आता देता येईल: अणू आणि आयन यांचे गुणधर्म वेगळे असतात. ॲरेनियसला १९०३ मध्ये नोबेल मिळालं.

शेवटी, तिला हे हाताने करू द्या. कृषी सेवा केंद्रातून थोडं मोरचूद आणि थोडी हिराकस आणा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाच्या अधिक दोन आयनांचा क्षार. दोन जुन्या काचेच्या बरण्या घ्या, ज्या परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत. स्टीलचं भांडं नको. मोरचूद विषारी आहे, तेव्हा तुम्ही जवळ थांबा, आणि झाल्यावर हात साबणाने धुवायला लावा. एका बरणीत चमचाभर मोरचुदाचं पाणी करून त्यात सँडपेपरने घासलेला लोखंडी खिळा सोडा. पाचेक मिनिटांत खिळा तांबूस दिसेल, आणि रात्रभर ठेवला तर पाण्याचा निळा रंग फिका होऊन हिरवट झाक येईल. दुसऱ्या बरणीत हिराकशीचं पाणी करून त्यात घासलेली तांब्याची तार सोडा. तिथे तारेवर काहीही होणार नाही.

दोन्ही बघून झाल्यावर तिला हे आकडे द्या. लोखंडाच्या अणूचे पहिले दोन इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे २३२४ किलोज्यूल, तांब्याचे पहिले दोन काढायला सुमारे २७०३. पूर्ण हिशोबात पाण्याचा वाटा आणि धातूतून अणू सुटे करण्याचा खर्चही येतो, पण कल या दोन आकड्यांतही दिसतो. दुसऱ्या बरणीत तार जशीच्या तशी का राहिली, ते तिला ‘हवं’ आणि ‘नको’ हे दोन शब्द न वापरता लिहायला सांगा. जे लिहील ते मला जरूर पाठवा.